एका पायावर

सँडस्कीच्या संघाचं नाव हेरन्स. म्हणजे बगळे.
टोपीवर निळा बगळा, एका पायावर उभा.
दुसरा पाय कुठे गेला ते विचारायचं नाही,
असा इथला रिवाज.

जून संपेस्तोवर अकरा जिंकून एकतीस हरलो.
हरलो म्हणते मी. मी कोण?
नऊ वर्षांपूर्वी करारावर आलेली,
इस्पितळाच्या तळघरात लोकांची हाडं बघणारी.
कॅचरचा अंगठा मोडला,
शॉर्टस्टॉपची मांडी धरली ती सुटलीच नाही,
आणि मधल्या मैदानातला पोरगा
स्वतःच्याच भिंतीवर जाऊन आदळला.
चेंडू मात्र सोडला नाही.
त्या आठवड्यात तेवढी एकच गोष्ट आमच्या हातात राहिली.

शेजारची खुर्ची लॉरेटा झिमेकची.
तेहतीस वर्षं खडूच्या कारखान्यात होती ती.
कारखाना गेला, खडू उरले.
धावांचा तक्ता अजून लाल मेणखडूनेच भरते,
जाड, बोजड अक्षरात.
पेन्सिल का नाही?
"खोडायची सोय हवी असेल
त्याने मोठ्या शहराचा संघ धरावा."

मग तळ्यातून किडे उठले, दरवर्षीसारखे,
दिव्यांना लगडले, थरावर थर.
एका रात्रीचं आयुष्य, तोंडसुद्धा नसतं म्हणे त्यांना.
माळी फावड्याने ढीग ओढत होते, खेळ थांबला होता,
केसांत किडे, नाचोजमध्ये किडे,
आम्ही नऊ धावांनी मागे
आणि स्टँडमध्ये मोजून साठ डोकी.
कुणी उठेना.
"हे तरी पहाटे सुटतील," मागून कुणी म्हणालं.

मंगळवारी तळघरात एलीसेओ आला.
बावीस वर्षांचा, आमचा एकुलता एक धड पिचर,
टोपी दोन्ही हातांत धरून, चर्चमध्ये धरावी तशी.
किती वेळ लागेल? त्याने विचारलं.
चाळीस मिनिटं, मी म्हटलं.
त्याला ते विचारायचं नव्हतं.
पडद्यावर कोपर उमटलं.
काळा पट्टा अखंड हवा तिथे
मधोमध पाणी चमकत होतं.
मी डॉक्टर नाही. पण नऊ वर्षं कोपरं बघतेय.
हलू नकोस हं, म्हटलं मायक्रोफोनमधून,
आता कशाला म्हटलं कोण जाणे.

शुक्रवारी लॉरेटा म्हणाली,
"ऑगस्टपर्यंत येईल ना पोरगा?"
मी शेंगा सोलत होते.
एक सोलली. दुसरी सोलली.
मी कुठे काम करते ते तिला ठाऊक आहे.
माझ्याकडे पाहिलंही नाही तिने,
नुसतं "हं" केलं
आणि वहीच्या शेवटच्या पानावर
पुढच्या वर्षीचा क्रम मांडायला घेतला.
पिचरची जागा तिने रिकामी सोडली.

पदरी पडलं पवित्र झालं,
माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं.
अर्थ सांगितला, जमेल तसा.
ती खोकला लागेपर्यंत हसली.
"पवित्रबिवित्र काही नाही गं,
जानेवारीतच भरलेत तिकिटाचे पैसे."
जानेवारीत, म्हणजे तळं गोठलेलं असताना
ती त्या खिडकीपुढे रांगेत पहिली असते,
एका पायावर तयार.

आठव्या डावात नवा मुलगा आला.
पहिलाच चेंडू जाळीवर. ये रे माझ्या मागल्या.
दुसरा मातीत. तिसरा फलंदाजाच्या कानाजवळून.
"कॉफी आणते, लिही माझ्याऐवजी,"
म्हणत लॉरेटाने खडू माझ्या हातात दिला
आणि उठायची मात्र विसरली.
कारण चौथा चेंडू सरळ गेला,
आणि साठजणांनी टाळ्या वाजवल्या,
आपल्याच घरात दिवे परत आल्यासारख्या.
मी लिहिलं. जरा जास्तच जोर लावून.
खडू मोडला, अर्धा खुर्चीखाली घरंगळला.

आम्ही दोघी वाकून तो शोधत होतो,
शेंगांच्या टरफलांत, सुकलेल्या किड्यांत,
तेवढ्यात वर मैदानात काहीतरी घडलं.
लोक उभे राहिले, ओरडले, पत्र्याची बाकं धडधडली.
बाहेर आलो तोवर सगळे पुन्हा बसत होते.
काय झालं, ते कुणालाच धड सांगता येईना.
ती चौकट कोरीच आहे अजून.